कमरेची सुपारी

मुलुंडच्या त्या बंगल्यात दिवस उजाडायचा तो अण्णांच्या पळीच्या आवाजाने. आचमन झाल्यावर ते पळी पंचपात्रात ठेवीत, तेव्हा तांब्यावर तांबे टेकल्याचा हलका, गोल नाद देवघरातून निघे आणि अंगण ओलांडून मागच्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत येई. तो ऐकू आला की आई उकड्या तांदळाच्या पेजेचे पातेले चुलीवरून उतरवी. मग भांडुपच्या बाजूने कारखान्यांचे भोंगे सुरू होत. त्यातला एक, जरा घोगरा, बंगल्याच्या मालकांच्या कारखान्याचा होता, आणि तो झाला की भाऊसाहेब उघड्या अंगाने, ओल्या पंच्यानिशी देवीसमोर येऊन उभे राहत. अण्णा, माझे वडील, त्या घरचे पुजारी. वेदपाठशाळेत घडलेले, कमी बोलणारे. मुलीला कशाला शिकवायचे, असा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. मी भाजी निवडत असे आणि ते समोर बसून शब्दरूपे म्हणवून घेत. आज वयाच्या या टोकालाही मेथीच्या काड्यांचा वास आला की मला कुठलीतरी विभक्ती आठवते.

देवघरात गावच्या देवीची पंचधातूची मूर्ती होती आणि मूर्तीच्या मागे, लाल मखमलीच्या पडद्याआड, भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी. तिला दोन कुलपे. एकाची किल्ली भाऊसाहेबांच्या कमरेला, दुसरी अण्णांच्या जानव्याला. अण्णा स्नानही त्या किल्लीसकट करीत, त्यामुळे त्यांच्या पोटावर, बेंबीच्या वर, गंजाचा एक तांबूस डाग कायमचा पडला होता. उन्हाळ्यात ते उघडे बसले की तो दिसे. आई म्हणे, "दुसऱ्याच्या सोन्याचा डाग आहे तो, साबणाने जायचा नाही." अण्णा हसत. त्यांना तो डाग मिरवण्यासारखा वाटत असावा. एका मोठ्या घराने आपला विश्वास त्यांच्या अंगावर बांधला होता.

भाऊसाहेब मालवणकडचे. मुंबईत येऊन, भांडुपला एका शेडमध्ये लेथ लावून त्यांनी सुरुवात केली आणि यंत्रांच्या सुट्या भागांचा मोठा कारखाना उभा केला. पण ऐश्वर्य आले तरी त्यांच्या मनातली एक जुनी भीती गेली नाही. लहानपणी गावी त्यांनी आपल्या वडिलांचे आणि चुलत्यांचे वाटप पाहिले होते. त्या वाटपात माजघराच्या मधोमध भिंत आली आणि देवापुढच्या समया विकून त्यांचे पैसे वाटले गेले. "समयो इकल्यानी हो, गुरुजी," असे ते अण्णांना पुन्हा पुन्हा सांगत, आणि सांगताना हा एवढा मोठा माणूस रडवेला होई. आपल्या दोन मुलांमध्ये असे होऊ द्यायचे नाही, हा त्यांचा ध्यास होता. फोर्टातून एक सल्लागार त्यांच्याकडे येत असत. जे मुलांच्या नावावर असते ते मुले मोडतात, जे देवीच्या नावावर असते ते कोणाला वाटता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही, असे त्यांनी समजावले. भाऊसाहेबांना ते मनापासून पटले. घरातले सगळे सोने देवीला अर्पण करायचे ठरले. घरच्या स्त्रियांनी लग्नकार्यात ते प्रसाद म्हणून अंगावर घालावे आणि कार्य झाले की परत तिजोरीत ठेवावे.

माझा नातू पवईला एका चकचकीत कार्यालयात काम करतो. धनवान कुटुंबांची संपत्ती पिढ्यानपिढ्या सुरक्षित कशी राहील, हे पाहणे हा त्याचा व्यवसाय. "आजी, बाहेरच्यांपासून सांभाळणं सोपं असतं, खरा धोका घरातल्यांचाच," असे तो परवा जेवताना म्हणाला. शब्द नवे होते. मला मात्र ओल्या पंच्यातले भाऊसाहेब समोर दिसले.

अर्पणाचा विधी नवरात्रात झाला. भाऊसाहेब आणि त्यांच्या पत्नी माई, मग थोरले चिरंजीव शेखरदादा, धाकटे मोहनदादा आणि त्यांची पत्नी, अशा क्रमाने सर्वांनी संकल्प सोडायचा होता. आपल्याकडे यजमान संकल्प करतो तेव्हा पत्नी त्याच्या उजव्या हाताला हात लावते. तिचा स्पर्श हीच तिची संमती. शेखरदादांची पत्नी, मालतीवहिनी, त्या दिवशी देवघरात येऊ शकत नव्हत्या. त्या मागच्या खोलीत बाजूला बसल्या होत्या. माईंनी अण्णांना एवढेच सांगितले, "सूनबाईला आज जमत नाही." पुरुषांनी याहून अधिक विचारायचे नसते. अण्णांनी ताटातली एक सुपारी उचलून शेखरदादांच्या हातात दिली आणि ती त्यांनी कमरेला खोचली. पत्नी जवळ नसली की तिच्या जागी सुपारी घेऊन विधी करतात. त्यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. शेखरदादांनी उदक सोडले, 'न मम' म्हटले, आणि त्यांच्यापुढे ठेवलेल्या दागिन्यांच्या गुलाबी कागदाच्या पुड्या तिजोरीत गेल्या.

शेखरदादांनी सुपारी खोचली तेवढे पाहून मी वहिनींसाठी ताट घेऊन मागच्या खोलीकडे गेले होते. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर. ताट उंबऱ्याशी ठेवून मी मागे सरले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय चाललंय गं, सुमन, पुढे? गुरुजींचा आवाज येतोय."

"देवीला दागिने वाहतायत."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

त्यांनी मोडलेला वडा ताटात ठेवला. "माझ्या आईच्या पाटल्या पण?"

मला माहीत नव्हते. लग्नात आलेले त्यांचे दागिने पहिल्या दिवसापासून माईंच्या कपाटात असत. त्यांत आईने स्वतःच्या हातातल्या काढून दिलेल्या पाटल्या होत्या, एक तन्मणी होता. वहिनी हसल्या. "असू दे. देवीच्या मागे ठेवलंय म्हटल्यावर चोर तरी यायचे नाहीत."

त्यानंतर दोन-तीन नवरात्रे सुखाची गेली असतील. देवीच्या गळ्यात तो तन्मणी फार शोभत असे, हे मी नाकारणार नाही. मग शेखरदादांना कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि ज्या देवघरात मी त्यांना कमरेची सुपारी चाचपताना पाहिले होते त्याच्याच बाहेर, ओटीवर, त्यांना अखेरचे निजवलेले पाहिले. त्यांची मुलगी चिनू तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. घरात वहिनींना कोणी वाईट वागवले, असे म्हणता येणार नाही. फक्त त्यांचे ताट हळूहळू स्वयंपाकघरात, मोरीच्या बाजूला, वेगळे वाढले जाऊ लागले. आणि माईंचे पाय चेपणे, देवीची भांडी घासणे, मोहनदादांच्या मुलांचे डबे, असे एकेक काम कोणी न सांगता त्यांच्याकडे आले.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी आपले मागणे मांडले. त्यांना अध्यापिकेचे शिक्षण पूर्ण करायचे होते. घाटकोपरला, भावाच्या शेजारी, एक खोली मिळत होती. निम्मे पैसे भाऊ देणार होता. उरलेल्यासाठी त्यांना आपल्या आईच्या पाटल्या आणि तन्मणी हवे होते. सासरचे काही त्यांनी मागितले नाही. एका रविवारी सकाळी त्यांचा भाऊ सदानंद आला. तो ट्रॉम्बेला नोकरीस होता, सरळ आणि थोडा तापट. पुढच्या दिवाणखान्यात सारे बसले. भाऊसाहेबांनी अण्णांना बोलावले, आणि अण्णांनी मला. अलीकडे त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून मी त्यांच्याजवळ बसत असे.

"ह्या सोना आता देवीचा," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "माजा न्हय, तुजा न्हय. माका देऊचा झाला तरी मी देतलंय खंयसून?"

"बहिणीचं स्त्रीधन आहे ते, भाऊसाहेब," सदानंद म्हणाला. "तिच्या नवऱ्यालाही देता येत नव्हतं."

मोहनदादा खुर्चीतून पुढे झुकले. "हे बघा, आमचा वाईट हेतू नाही. पण एकदा हे असं चालू झालं ना, की वाट लागते. आज वहिनी, उद्या माझी बायको म्हणेल माझं पण काढा. मग ते तिजोरीत ठेवलंच कशाला?"

"गुरुजींका इचारा," भाऊसाहेब म्हणाले. "ते सांगतीत ता मी मानतलंय. शास्त्र काय आसा?"

 देवस्व, म्हणजे देवाला दिलेले धन, परत घेणे हे किती घोर, हे अण्णांनीच मला शिकवले होते. आणि स्त्रीधनावर पतीची सत्ता नाही, हेही त्यांनीच. दोन्ही वचने त्यांच्या मुखात एकाच वेळी उभी होती. शेवटी त्यांनी विचारले, "संकल्पाच्या वेळी मालतीने हाताला हात लावला होता का?"

"लावलेला," माई म्हणाल्या. "सगळी होती त्या दिवशी."

वहिनी दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिले. ज्या कारणासाठी त्या तिथे नव्हत्या ते सासऱ्यांसमोर, दिरासमोर उच्चारणे त्यांना शक्य नव्हते. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की त्यांना सुपारी आठवली आहे, परंतु ती का दिली, हे त्यांनाही म्हणता येत नाही. तेव्हा मीच बोलले. "वहिनी बाजूला बसल्या होत्या. ताट मीच नेऊन दिलं होतं. त्यांच्या जागी सुपारी होती."

 मग मोहनदादा म्हणाले, "बायकांच्या गोष्टी इथे कशाला?"

"इथेच लागतात त्या," सदानंद म्हणाला. "तुम्ही सुपारीला बायको केलीत आणि तिच्याकडून सोनं घेतलंत."

अण्णा सावकाश बोलले. पत्नीच्या जागी सुपारी घेऊन पूजा सिद्धीस जाते, परंतु सुपारीला स्वतःचे धन नसते, म्हणून तिला दान करता येत नाही. "ते दागिने देवीला पोचलेले नाहीत. आणि ती सुपारी मीच दिली होती, भाऊसाहेब. तेव्हा मी विचारायला हवे होते."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटले, संपले. तिजोरी उघडेल, गुलाबी पुड्या बाहेर येतील. अण्णांचा हात किल्लीकडे गेलाही होता. परंतु भाऊसाहेब विचारात पडले होते, आणि ज्या माणसाने आयुष्यभर धातूचे भाग बिनचूक जुळवले त्याच्या मनात हाही एक भाग जुळला. ते खरोखर भाविक होते. अण्णांचा निर्णय त्यांनी खरोखर मानला, आणि त्यातच आमचा घात झाला.

"म्हणजे हिचो हात लागूक व्हयो होतो," ते म्हणाले. "इतक्याच ना? मग आता लागांदे. हयसरच आसा ती."

कोणाला नीट समजण्याआधीच माईंनी चौरंग मांडायला सुरुवात केली होती. भाऊसाहेब वहिनींकडे वळून बोलू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती. चिनूचे शिक्षण, तिचे लग्न, सगळे माझ्याकडे. या घरात तुला कोणी उणे बोलणार नाही. मग त्याच मायेने ते म्हणाले, "तुका जावचा आसात तर जा, कोण अडवता? पण चिनू ह्या घराचा चेडू. ता हयच ऱ्हवतला." चिनू माईंच्या मांडीवर बसून वातीचा कापूस पिंजत होती.

सदानंद उठून उभा राहिला. "चल, ताई. काही नको आपल्याला."

"चिनूला घेऊन जाऊ देतील का?" वहिनींनी त्याला विचारले.  कोर्टात जाऊ, असे काहीसे तो पुटपुटला. वहिनी देवघरात गेल्या आणि पाटावर बसल्या.

अण्णांना त्यांच्यासमोर बसावे लागले. मी मागे होते. अण्णांनी वहिनींच्या उजव्या तळहातावर अक्षता ठेवल्या, तुळशीचे पान ठेवले, पळीने पाणी घातले. देश, काल, गोत्र उच्चारले. त्यांचा स्वर नेहमीसारखाच स्पष्ट होता आणि त्याचे मला भय वाटले. हे पुरे होणार, असे वाटले. मग दात्रीचे नाव आले, तिथे ते थांबले आणि मराठीत म्हणाले, "मालती, हे तू स्वतःच्या इच्छेने देते आहेस का?"

वहिनींनी चिनूकडे पाहिले. त्या 'हो' म्हणाल्या नाहीत आणि 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या हाताखालच्या ताम्हनात एकेक थेंब पडत होता, त्याचाच आवाज काय तो येत होता.

"गुरुजी, फुडला म्हणा," भाऊसाहेब म्हणाले.

"पुढचे मला म्हणता येत नाही."

"म्हणजे? मनात काय आसा तुमच्या?"

"दात्याची इच्छा लागते. ती मी विचारली. उत्तर आले नाही."

मोहनदादा दारातून म्हणाले, "गुरुजी, दक्षिणेचं काही असेल तर तसं सांगा ना सरळ."

आरंभलेला विधी अर्ध्यावर सोडणे, हे अण्णांच्या लेखी किती मोठे पातक होते, ते त्या खोलीत केवळ मला ठाऊक होते. घरी ज्वर अंगावर असतानाही त्यांनी सत्यनारायणाची पोथी मध्ये मिटलेली नव्हती. त्यांनी पळी पालथी ठेवली. मग जानव्याची किल्ली सोडू लागले. वर्षानुवर्षे पाणी पिऊन ती गाठ दगडासारखी झाली होती; बोटांनी सुटेना, नखांनी सुटेना. अखेर त्यांनी पूजेच्या पेटीतले नवे जानवे काढले, मंत्र म्हणून ते धारण केले, आणि जुने, किल्लीसकट, गळ्यातून काढून ताम्हनात ठेवले. भाऊसाहेब ते पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला पुन्हा तो समया विकल्या गेलेला मुलगा दिसला. अण्णा उठले ते देवीला नमस्कार करून, पाठ न दाखवता मागे सरत बाहेर पडले.

महिना संपण्याच्या आत आम्ही बोरिवलीला एका खोलीत राहायला गेलो. अण्णांनी पुन्हा कोणाचे पौरोहित्य स्वीकारले नाही. मुलांना संस्कृत शिकवून त्यांनी घर चालवले, आणि पेज पातळ होत गेली तरी आईने कधी त्या दिवसाचा उल्लेख केला नाही. पोटावरचा डाग मात्र शेवटपर्यंत गेला नाही. अण्णांना अखेरचे स्नान घालताना तो माझ्या हाताखाली आला. वहिनी घाटकोपरला गेल्या नाहीत. चिनूसाठी त्या त्याच घरात राहिल्या, तिच्या लग्नापर्यंत आणि मग त्यानंतरही, कारण तोवर जायला दुसरी जागा उरली नव्हती. भाऊसाहेबांनी त्यांचे दागिने पुन्हा देवीच्या अंगावर घातले नाहीत. त्या पुड्या तिजोरीत वेगळ्या कोपऱ्यात ठेवल्या, आणि जे देवीचे झाले नाही आणि जिचे आहे तिचे आपण म्हणत नाही, ते सोने त्यांनी मरेपर्यंत राखले. पुढे मोहनदादांच्या मुलांत वाद झाले. आता बंगल्याच्या जागी उंच इमारत आहे, देवी कुठल्यातरी मजल्यावर आहे, आणि तिजोरीतले सारे न्यायालयाच्या आदेशाने एका बँकेत मोहोरबंद आहे. वहिनी गेल्या तेव्हा चिनूने मला दूरध्वनी केला. सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, वकील म्हणतात काळजी नको, सगळं सुरक्षित आहे."

त्या दिवशीचे एक सांगायचे राहिले. अण्णा बाहेर गेले, त्यांच्यामागून पुरुष गेले, माई चिनूला घेऊन आत गेल्या. वहिनी पाटावर तशाच बसून होत्या, हात पुढे, तळहाताची पन्हळ केलेली. त्यात अजून थोडे पाणी होते, तुळशीचे पान होते. सोडले असते तर ते दान झाले असते, आणि प्यायचे तर ते तीर्थ नव्हते.

"सुमन," त्या मला म्हणाल्या, "हे कुठं टाकू गं?"

इतकी वचने मला पाठ होती, परंतु याचे उत्तर मी कुठे शिकले नव्हते. मी त्यांच्यासमोर बसले आणि माझी ओंजळ त्यांच्या हाताखाली धरली. त्यांनी ते पाणी माझ्या ओंजळीत सोडले. ते घेऊन मी अंगणातल्या तुळशीकडे निघाले. ओटी ओलांडली, पायऱ्या उतरले, आणि वृंदावनापाशी पोचून हात उघडले, तेव्हा त्यांत फक्त ते एक पान चिकटलेले होते.